मधली पात

कापूस फुटला की मला प्रेमकथा आठवायला लागतात. इतरांना त्या पावसात आठवतात, चांदण्यात आठवतात. मला दिवाळी उरकल्यावर, तलवाड्याच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी पऱ्हाट्या पांढऱ्या झाल्या की आठवतात. परवा गेवराईहून माहेरी निघाले होते. एसटीच्या खिडकीतून एका रानात ओळीनं वाकलेल्या बायका दिसल्या, कमरेला ओट्या बांधलेल्या. मधली एकजण वेचता वेचता मान वर करून काहीतरी सांगत होती आणि बाकीच्या हसत होत्या. काय सांगत होती कोण जाणे. शेजारणीचं भांडण असेल, नाहीतर टीव्हीवरची मालिका. गाडी पुढं गेली तरी मी मान वळवून बघत राहिले, कारण ती माझी जागा होती.

मी प्रेमकथा लिहिते. मोबाइलवर रोज एक भाग येतो तशा, हलक्याफुलक्या, गोड शेवटाच्या. हे मी कुठंही छातीठोकपणे सांगते आणि सांगितलं की समोरच्याचा चेहरा पडतो. बीड जिल्ह्यातली लेखिका म्हटल्यावर लोकांनी आधीच रुमाल काढून ठेवलेला असतो. दुष्काळ, ऊसतोड, कोरड्या विहिरी, असं काहीतरी त्यांना हवं असतं. मागं गेवराईत एका कार्यक्रमात एका प्राध्यापकांनी विचारलंच, "मॅडम, आपल्या भागातलं एवढं वास्तव सोडून तुम्ही हे गोडगोड कशाला लिहिता?" मी म्हटलं, "सर, वास्तव आम्ही दिवसभर बघतोच की." टाळ्या पडल्या. सरही हसले. पण टाळ्या पडल्या म्हणजे उत्तर झालं असं नाही. माझं खरं उत्तर लांबलचक आहे आणि ते कापसाच्या एका हंगामात आहे.

तेव्हा मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. कॉलेज गेवराईला, घर तलवाड्याच्या शिवारात, आणि वेचणीच्या दिवसांत कॉलेज कागदावरच. आमच्याकडं शेजारच्या घरांची सावड होती. आज आमच्या रानात सगळ्यांनी वेचायचं, उद्या त्यांच्या. मजुरीचा प्रश्न नाही, हाताला हात. सकाळी दव असायचं, बोंडं ओली लागायची, म्हणून ऊन जरा वर येईपर्यंत बांधावर बसून चहा व्हायचा. मग ओट्या बांधून एकेकीनं आपापली पात धरायची, म्हणजे पऱ्हाटीची एकेक ओळ. बोंडाची वाळलेली टोकं नखांच्या कडेला टोचायची. दुपारपर्यंत बोटांची टोकं अशी चुरचुरायची की जेवताना ठेच्याला हात लावायची भीती वाटायची. तरी काशीमावशी ठेचा आणायचीच. तिच्या मते तिखट नसलेली भाकरी आजारी माणसाची.

काशीमावशी म्हणजे आमच्या सावडीची पुढारीण. नात्यानं ती कुणाचीच मावशी नव्हती आणि सगळ्यांचीच होती. एक दिवस तिनं मला मोबाइलवर वाचता वाचता हसताना पकडलं.

"काय गं नंदे, कुणाचा मेसेज हाय?"

"मेसेज नाही मावशी, गोष्ट आहे. रोज संध्याकाळी एक भाग येतो."

"कसली गोष्ट?"

"प्रेमाची."

"मंग एकलीच कावून हसती? आमाला बी सांग की."

तिथून ते सुरू झालं. संध्याकाळी मोबाइलवर आलेला भाग मी दुसऱ्या दिवशी पातीत सांगायचे. कडेच्या पातीवरून सांगितलं की दुसऱ्या टोकाला ऐकू जात नसे. शिवाय रस्त्यानं वाळूचे हायवा ट्रक धडधडत गेले की अख्खं वाक्य बुडायचं आणि काशीमावशी ओरडायची, "थांब, परत सांग, त्यो तिला काय म्हणला?" मग तिनंच फर्मान काढलं. नंदानं मधली पात धरायची. सांगण्याच्या नादात माझा हात मागं पडायचा, म्हणून डावीउजवीकडच्या दोघींनी माझ्या पऱ्हाटीला आपापल्या बाजूची बोंडं वेचून घ्यायची. म्हणजे मी नावाला पातीत होते. वेचायच्या त्या आणि बोलायची मी. पुढं आयुष्यात मला लेखनाचे बरेच मोबदले मिळाले, पण तितका रोकडा मान पुन्हा मिळालेला नाही.

गोष्ट साधी होती. एका लहान गावात जनावरांचा डॉक्टर बदलून येतो. गावातल्या शाळेत एक बाई असतात, त्यांच्या घरी एक लंगडी शेळी असते. शेळीच्या पायापासून ओळख होते आणि पुढं जे व्हायचं ते होत जातं, फार हळूहळू. खून नाही, मारामारी नाही, विष घालणारी सासू नाही. आमच्या पातीतल्या बायकांना सुरुवातीला ही गोष्ट फारच सपक वाटली. त्यांनी तिला तपासायला घेतलं.

"डॉक्टर हाय तर जमीन कुणाच्या नावावर हाय?"

"भाऊ किती त्याला?"

"त्या बाईची आई कुठं हाय? जवान पोरीला एकलीला ठिवून कुठं गेली?"

मला यातलं काही माहीत नव्हतं. मोबाइलवर लिहिलेलं नसायचं. मग मी ठोकून द्यायचे. डॉक्टरला मी कोरडवाहू जमीन दिली, एक भाऊ दिला, बाईंची आई भावाच्या बाळंतपणाला पाठवली. बाळंतपण भावाचं नसतं, भावजयीचं असतं, म्हणून काशीमावशीनं मला तिथल्या तिथं झापलं. खोटं खपवून घ्यायला त्या तयार होत्या, पण ते नीट बसलेलं पाहिजे. लेखनाचा हा धडा मी कुठल्या शिबिरात नाही, पऱ्हाटीत शिकले.

त्या डॉक्टरची एक सवय होती. शाळा सुटल्यावर बाई घरी निघाल्या की तो कुठंतरी भेटायचा आणि विचारायचा, "दमलात?" इतकंच. मोबाइलवर ते असं शहरी होतं. मी पातीत सांगताना त्याचं "दमलीस का?" केलं. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा सगळ्या वेचत राहिल्या. दुसऱ्या-तिसऱ्या भागात पुन्हा तेच आलं, तेव्हा काशीमावशीनं हातातलं बोंड तसंच धरून ठेवलं.

"आमच्यात बैलाला इचारत्यात," ती म्हणाली. "दुपार झाली की म्हणत्यात, सोडा आता, बैलं दमली असतील. मला आजवर कुणी इचारलं न्हाई बाई."

सगळ्या हसल्या. मग त्या वाक्याची नुसती धमाल सुरू झाली. ओटी रिकामी करायला बांधावर गेलेली परत आली की बाकीच्या सुरात विचारायच्या, "दमलीस का गं?" भाकरी वाढताना, पाण्याची कळशी देताना, पायातला काटा काढताना, "दमलीस का?" चेष्टाच होती ती. पण चेष्टेत का होईना, विचारलं जात होतं.

गोष्टीतल्या बाई मात्र दर वेळी "नाही" म्हणायच्या. यावर आमची पात चिडायची. "न्हाई कावून म्हणती? सकाळधरून उभी हाय, दमली तर असंलच की!" तेव्हा माझ्या उजव्या हाताच्या पातीवरून अनुअक्का हळूच म्हणाली, "व्हय म्हणायला समोरचं माणूस पक्कं वाटाया लागतंय."

अनुअक्का, म्हणजे अनुसया, शेजारच्या विष्णूदादाची थोरली बहीण. सोडचिठ्ठी होऊन माहेरी आली होती. सासरी काय झालं ते ती सांगत नसे आणि सावडीतलं कुणी विचारत नसे. वेचणीत तिचा हात धरणारी बाई त्या शिवारात नव्हती. दोन्ही हात वेगवेगळ्या फांदीवर चालायचे. आईबाप गेल्यावर घर विष्णूदादाच्या अंगावर आलं होतं आणि त्याच वर्षी तिला दुसरेपणाचं एक स्थळ आलं होतं, युसूफ वडगावकडचं. बायको वारलेला माणूस. विष्णूदादाचा होकार ठरल्यातच जमा होता. तो वाईट भाऊ नव्हता, पण भावकीच्या बोलण्यानं टेकीला आला होता. अक्का मात्र म्हणत होती, कापूस उरकू द्या, मग सांगते. होकार द्यावा तर एकदा पोळलेली, नकार द्यावा तर भावाच्या घरात किती दिवस राहणार? त्या हंगामात तिच्या डोक्यात हेच चालू असायचं आणि हे पातीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं.

विष्णूदादाला आमची गोष्ट पसंत नव्हती. एकदा त्याच्या रानातल्या चांगल्या कापसात कवडी निघाली. कवडी म्हणजे किडक्या बोंडातला पिवळट कापूस, तो वेगळा वेचायचा असतो. "गोष्टीच्या नादात मातेरं करताव समदं!" म्हणून तो आमच्यावर खेकसला. खरं होतं ते. त्या दिवशी डॉक्टरची बदली झाली होती आणि पातीतल्या बायकांना डोळ्यांपुढचं दिसत नव्हतं. पण त्यानंतर आम्ही पाहिलं, आमची पात ज्या बांधाकडं सरकायची त्याच बांधाला विष्णूदादाची ठिबकची नळी बिघडायची. तो उकिडवा बसून नळी उलटीपालटी करत राहायचा. कालव्याला पाणी नव्हतं, नळीतही नव्हतं, तरी दुरुस्ती चालू. एकदा बदली झालेला डॉक्टर निघाला, बाई घरात दार लावून बसल्या, अशा जागी मी थांबले, आणि बांधाआडून आवाज आला, "मंग शेळीचं काय झालं?"

काशीमावशी पोट धरून खाली बसली. विष्णूदादा नळी तिथंच टाकून पाण्याच्या मोटारीकडं गेला.

युसूफ वडगावचे पाहुणे आले ते भर वेचणीत. दुसरेपणाच्या बघण्याला फार थाट नसतो. त्यात हातातलं काम सोडणं कुणालाच परवडणारं नव्हतं, म्हणून ते सरळ रानातच आले. नवरदेव आणि त्याचा चुलता, एका मोटारसायकलवर. लिंबाखाली पोतं अंथरलं. अनुअक्का पात संपवून डोक्यावर गाठोडं घेऊन आली, तिनं ते एकटीनं खाली टाकलं, पदर नीट केला, तांब्याभर पाणी नेऊन ठेवलं. आम्ही लांबून वेचायचं सोंग करत सगळं बघत होतो. सोंगही नीट जमत नव्हतं, कारण आम्ही वेचलेलंच झाड पुन्हा वेचत होतो.

चुलत्यानं विष्णूदादाला विचारलं, "दिवसाला किती येचती?"

"पातीत सगळ्यांच्या म्होरं असती," विष्णूदादा अभिमानानं म्हणाला.

नवरदेव मोबाइलकडं बघत होता. माणूस वाईट दिसत नव्हता, हे मी मुद्दाम सांगते. शांत होता, दाढी करून आला होता, चपला पोत्याच्या बाहेर काढून बसला होता. अनुअक्का त्याच्यासमोर उभी राहिली आणि तिनं स्वच्छ आवाजात विचारलं, "तुमी लई लांबून आलाव. दमलाव का?"

पातीतले सगळे हात बोंडांवरच थांबले.

त्यानं वर बघितलं. "न्हाई," म्हणाला, "गाडीवर आलो." आणि पुन्हा मोबाइलकडं वळला.

 अक्का तांब्या उचलून परत आली, ओटी बांधली आणि पात धरली. पाहुणे चहा पिऊन गेले. दिवस मावळायच्या आत तिनं भावाला नकार सांगितला. कापूस उरकायची वाटसुद्धा बघितली नाही. कारण विचारलं तेव्हा म्हणाली, "म्या त्याला इचारलं. त्यानं उलटून इचारलं न्हाई."

विष्णूदादाचा जो भडका उडाला तो सगळ्या शिवारानं ऐकला. एवढ्याशा कारणानं कुणी स्थळ मोडतं का? भावकीला काय सांगू? मग तो आमच्या घरी आला आणि दारातूनच मला म्हणाला, "नंदे, गोष्टी ऐकून संसार व्हत न्हाईत. माझ्या रानात पुन्हा गोष्ट न्हाई." माझी आई घाबरली. मी घाबरले नाही, मला राग आला. रात्रंदिवस राबणाऱ्या बाईनं एक शब्द मागितला तर तो गोष्टीचा दोष? पण तो वयानं मोठा होता आणि रान त्याचं होतं. इतरांच्या रानात गोष्ट चालू राहिली, त्याच्या रानात बंद. बहिणीशीही त्यानं बोलणं टाकलं. एका घरात राहून ताटाला ताट न लागू देता जेवायचे, असं काशीमावशी सांगायची.

अशा प्रेमकथांवर आक्षेप असतो की त्या खोट्या असतात, बायकांना स्वप्नं दाखवतात. मी आता बरीच वर्षं त्या लिहिते आहे आणि वाचणाऱ्यांचे निरोप मला येतात. दवाखान्यात रात्रपाळी करणाऱ्या, शिलाई मशीनवर बसणाऱ्या, साखर कारखान्याच्या फडावरच्या. राजवाडा मागणारी मला अजून एकही भेटलेली नाही. त्यांना शेवट गोड होणार हे पहिल्या भागापासून माहीत असतं आणि म्हणूनच त्या निवांत वाचतात. शेवटाची काळजी मिटली की माणूस मधल्या बारीक गोष्टी बघायला मोकळं होतं. त्यानं तिला पाणी कसं दिलं. तिनं एक घोट राखून त्याला परत कसं दिलं. दोघं भांडली तेव्हा आधी कोण बोललं. दुःखाच्या कादंबऱ्या मी पुष्कळ वाचल्या आहेत, त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण आपल्याला काय सोसावं लागतं हे आमच्या पातीला कुणी सांगायची गरज नव्हती. आपण काय मागू शकतो, हे मात्र तोवर कुणी सांगितलं नव्हतं. अनुअक्काला त्या लंगड्या शेळीच्या गोष्टीतून नवरा नाही मिळाला, एक माप मिळालं. तिनं ते समोरच्या माणसाला लावून बघितलं आणि बसेना म्हणून ठेवून दिलं. यात बिघडलं काय, हे मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही.

आता तुम्ही विचारणारच, पुढं अक्काचं लग्न झालं का? झालं. गोड शेवट दडवून ठेवणाऱ्यांतली मी नाही. तिचा नवरा गेवराईजवळ रसवंती चालवतो. उन्हाळ्यात मी गेले की अक्का लिंबू जास्त पिळून मला मोठा ग्लास देते आणि पैसे घेत नाही. पहिल्या भेटीत त्यानं तिला काय विचारलं हे तिनं मला सांगितलं आहे, पण मी ते लिहिणार नाही. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या गोष्टी विकल्या, ही एक तिची तिच्याकडं राहू दे. डॉक्टर आणि बाईंचाही शेवट मोबाइलवर आला, तोही गोडच होता. पण खरं सांगायचं तर या दोन्ही शेवटांच्या आधीच त्या गोष्टीचा शेवट होऊन गेला होता. तो विष्णूदादाच्याच रानात झाला, जिथं गोष्ट सांगायला बंदी होती.

शेवटची वेचणी होती. पऱ्हाट्या वाळून काळ्या पडलेल्या, फांद्यांना राहिलेलं तेवढंच खुडायचं. सगळ्या मुकाट्यानं वेचत होतो. मी सवयीनं मधल्या पातीत होते, पण त्या दिवशी माझी पात माझी मलाच वेचायची होती. विष्णूदादा बांधावर होता, नळी घेऊन. अक्का आणि त्याच्यात तेव्हाही अबोला चालू होता. ऊन उतरलं, शेवटच्या ओट्या रिकाम्या झाल्या, गाठोडी बांधली. अनुअक्कानं दोन ओट्यांचं मिळून एक मोठं गाठोडं केलं आणि ते डोक्यावर घेऊन ती बांधाकडं निघाली. ढेकळात तिचा पाय जरा लचकला. पडली नाही, सावरली आणि तशीच चालत राहिली.

विष्णूदादानं नळी खाली ठेवली. पुढं झाला आणि तिच्या डोक्यावरचं गाठोडं दोन्ही हातांनी उचलून घेतलं. मग ते छातीशी धरून, तिच्याकडं न बघता, पऱ्हाट्यांकडं बघत म्हणाला,

"दमलीस का, अक्का?"

 त्या हंगामात आम्ही ते वाक्य इतक्या वेळा चेष्टेत म्हटलं होतं की आता कुणाला हसू येईल असं मला वाटलं. आलं नाही. अनुअक्का भावाकडं बघत राहिली. तो अजून पऱ्हाट्यांकडंच बघत होता, आणि त्याची हनुवटी गाठोड्यात रुतली होती.

"व्हय रे इष्णू," ती म्हणाली. "लई दमले."

आणि ती तिथंच बांधावर खाली बसली.